दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भरा, एवढं एक वाक्य कुणीतरी सांगायला पाहिजे होतं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत आतल्या पानावर 'तोंड आलंय? हे करून बघा' अशी एक चौकट आली होती, त्यात बाळाच्या जिभेवर पांढरं साचलं तर मधात टाकणखार म्हणजे बोरॅक्स कालवून चोळा असं होतं, ती वाचून तोंडातल्या बुरशीबद्दल हे पत्र लिहायला बसले. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते, काटछाट करायची असेल तर आमच्या घरची हकिकत कापा पण मध आणि टाकणखाराबद्दल शेवटी जे लिहिलंय ते तेवढं कापू नका.

मी तासगाव तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. घरात आमच्या आत्या म्हणजे सासूबाई, वय 71, दम्याचा त्रास जुना, सगळं आयुष्य चुलीपुढं गेलं आणि वर सीझनला बेदाणा निवडायला जायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना पंप सुरू झाला, कॅप्सूल मशीनमध्ये घालून ओढायचा असतो तो, सकाळ-संध्याकाळ. पंपानं खरंच फरक पडला, रात्री उठून बसायच्या ते बंद झालं, त्यामुळं पंपाला मी अजिबात नाव ठेवणार नाही, उलट पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणी घाबरून पंप बंद करू नये म्हणून हे पहिल्यांदा सांगते.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांना खोकला झाला. जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स झाला, मग कमी नाही म्हणून दुसरा, मग दिवाळीनंतर तिसरा. खोकला गेला आणि तोंड आलं. म्हणजे आम्ही तसं म्हणत होतो. आत्या म्हणायच्या, "तोंडाला चवच न्हाई गं, कापूस चावल्यागत लागतंय, आमटीचा घोट घेतला तरी आग हुती." ज्या बाईनं जन्मभर भाकरीबरोबर खर्डा खाल्ला ती दुधात भाकरी कुस्करून खायला लागली. मग काय, आपल्याकडं जे जे करतात ते सगळं केलं. उष्णता झालीय म्हणून सब्जा, गुलकंद, जाईचा पाला चावायला, ज्येष्ठमधाची कांडी, आणि मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. बी-कॉम्प्लेक्सच्या किती स्ट्रिपा संपल्या त्याचा हिशोब नाही. मेडिकलवाल्यानं एकदाही विचारलं नाही की तोंड आलंय म्हणजे नक्की काय झालंय, आणि खरं सांगायचं तर आम्ही पण त्यांना 'आ करा' म्हणून बॅटरी लावून बघितलं नव्हतं. संक्रांतीपर्यंत वजन 52 वरून 46 वर आलं.

इथंच मला वाटतं घोळ आहे. आपल्या बोलण्यात 'तोंड आलंय' हा एकच शब्द सगळ्याला चालतो. गालाच्या आत पांढुरका खड्डा पडून भोवती लाल कडा असते आणि सात-आठ दिवसांत आपोआप बरा होतो तो फोड वेगळा, जीभ लाल गुळगुळीत होते ती रक्त कमी असल्यामुळं किंवा बी-ट्वेल्व्ह कमी असल्यामुळं ते वेगळं, ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडतात ते वेगळं, आणि जिभेवर गालाला टाळूला दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर चिकटतो तो वेगळा. ह्यातल्या पहिल्याला औषध नसलं तरी भागतं. दुसऱ्याला लोह किंवा व्हिटॅमिन लागतं. पण दह्यासारखा जो थर असतो ती बुरशी असते, तिला बी-कॉम्प्लेक्स कितीही खाल्लं तरी काहीही होत नाही.

शेवटी फेब्रुवारीत आम्ही मिरजेला दाताच्या डॉक्टरबाईंकडं गेलो, तेही कवळी सैल झाली होती म्हणून, तोंडासाठी नव्हे. बाईंनी कवळी काढायला लावली, लाइट पाडला, कापसाच्या गॉजनं जिभेवरचा थर पुसला तर तो निघून आला आणि खाली लालभडक, जरा रक्त पण आलं. वरच्या टाळूला तर कवळी जेवढी बसते बरोबर तेवढाच भाग लाल, जणू शिक्का मारल्यागत. त्यांनी आत्यांना विचारलं, "आजी, पंप घेतल्यावर चूळ भरता का?" आत्या म्हणल्या, "चूळ कशाला भरू बाई, अवशीद धुवून जाईल की."

साहेब, मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. कारण आत्यांचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबरच होतं, महागाचं औषध आहे, पोरानं आणून दिलंय, ते थुंकून कसं टाकायचं. दोन वर्षं त्यांनी पंप घेतल्यावर अर्धा तास पाण्याचा घोट सुद्धा घेतला नव्हता, औषध वाया जाऊ नये म्हणून. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की पंपातलं औषध फुफ्फुसात जायला पाहिजे, त्यातला बराच भाग तोंडात नि घशातच बसतो आणि तिथं त्याचा उपयोग काही नाही, तोटाच आहे. दमा ताब्यात ठेवायच्या पंपात स्टिरॉइड असतं, ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन असं नाव लिहिलेलं असतं, ते श्वासनळीची सूज उतरवतं हे चांगलंच, पण तोंडात बसून राहिलं तर तिथली राखण ढिली करतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. उपाय किती सोपा आहे बघा, पंप ओढला की लगेच पाण्यानं खळखळून चूळ भरायची, घशापर्यंत गुळणी करायची, आणि ते पाणी गिळायचं नाही, थुंकायचं. दात घासायच्या आधी पंप घेतला तर दोन्ही कामं एकदमच होतात. ज्यांचा पंप दाबायचा स्प्रेवाला आहे त्यांना प्लास्टिकची नळकांडी मिळते, स्पेसर म्हणतात, ती लावली की तोंडात कमी बसतं आणि छातीत जास्त जातं. कॅप्सूलच्या मशीनला मात्र स्पेसर चालत नाही, तिथं चूळ हाच उपाय.

डॉक्टरबाईंनी तो पुसलेला थर काचेवर घेऊन शेजारच्या लॅबमध्ये पाठवला, आणि मी विज्ञानाची शिक्षिका आहे म्हणल्यावर मला मायक्रोस्कोपमधून बघायला बोलावलं. गोल गोल पेशी, त्यांना फुटलेल्या कळ्या, आणि मधून लांब लांब धागे. दरवर्षी वर्गात कोमट साखरपाण्यात यीस्ट टाकून मी पोरांना मुकुलायन, म्हणजे कळी फुटून नवी पेशी होणं, दाखवते, धागे सोडले तर तसंच दिसत होतं. कॅन्डिडा अल्बिकन्स हे तिचं नाव. ही यीस्टचीच एक जात पण पावात, बेकरीत वापरतात ते यीस्ट वेगळं, त्यामुळं पाव खाल्ला किंवा इडली-आंबोळी खाल्ली म्हणून तोंडात ही बुरशी होते असं कुणी म्हणत असेल तर ते चूक. ही बाहेरून कुठून यावी लागत नाही, कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात ती गप्प पडून असते. तोंडातले बाकीचे जंतू, आपली लाळ आणि आपली प्रतिकारशक्ती हे तिघं मिळून तिला दाबून ठेवतात. त्या तिघांपैकी कुणी हललं की ती वर येते. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, म्हणजे तोंडातले जंतू मेले पण बुरशी अँटिबायोटिकनं मरत नाही, तिला जागाच रिकामी करून दिली आम्ही. वर पंपाचं स्टिरॉइड. वर कवळी, जी आत्या रात्रीही काढत नव्हत्या कारण तोंड बोळकं दिसतं. कवळीखाली लाळ पोचत नाही, हवा लागत नाही, आणि बुरशी कवळीच्या प्लास्टिकला सुद्धा चिकटून बसते.

आणि हे सगळं असून डॉक्टरबाई थांबल्या नाहीत, म्हणल्या शुगर बघितलीय का कधी? आम्ही म्हणलं, त्यांना कुठं शुगर, गोड खातच नाहीत. बोटातून रक्त काढलं तर 312. मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट केली, एचबीएवनसी, ती 9.4. आमच्या घरात कुणाला कल्पना नव्हती. वजन उतरत होतं ते आम्ही खाणं कमी झाल्यामुळं समजत होतो, त्यात शुगरचाही हात होता. शुगर वाढली की लाळेतही साखर वाढते, तोंड कोरडं पडतं आणि बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. डॉक्टरबाई म्हणल्या ते मला पटलं, की तोंडातली बुरशी बरी करणं अवघड नाही, ती का आली हे शोधलं नाही तर ती महिन्याभरात परत येती. पंप नाही, कवळी नाही, अँटिबायोटिक नाही, आणि तरी मोठ्या माणसाच्या तोंडात असा थर दिसला तर शुगर आणि रक्त तपासलंच पाहिजे, आणि एचआयव्हीची टेस्ट सुद्धा. हे लिहिताना बिचकायचं कारण नाही. प्रतिकारशक्ती उतरल्याची ती पहिली खूण असू शकते, सरकारी दवाखान्यात टेस्ट फुकट होते, औषधं पण फुकट मिळतात, आणि रिपोर्ट गुप्त ठेवायचा असा 2017 चा कायदाच आहे. कॅन्सरची केमो चालू असलेल्यांना, घशाला रेडिएशनचा शेक दिलेल्यांना पण हा त्रास होतो, त्यांनी डॉक्टरला लगेच दाखवावं. घास गिळताना छातीत मधोमध दुखायला लागलं तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते, मग तोंडाला नुसतं लावून भागत नाही.

बुरशी हा शब्द ऐकल्यावर आमच्या ह्यांचा चेहराच उतरला होता. 2021 ला कोरोनात काळी बुरशी म्हणून जे झालं ते आपण सगळ्यांनीच ऐकलंय, आमच्या पाहुण्यांतल्या एकाचा डोळा गेला. तर ती बुरशी ही नव्हे. काळी बुरशी म्हणजे म्युकर, ती सायनसमधून हाडात डोळ्यात शिरते, चेहरा दुखतो सुजतो, टाळूला काळं पडतं, तिथं एक दिवस सुद्धा घालवायचा नसतो. तोंडातली पांढरी बुरशी सहसा वरवरची असते आणि औषधानं जाते. दोन्हीला वाढलेली शुगर आणि स्टिरॉइड आवडतं एवढं मात्र सारखं आहे.

औषध काय दिलं ते सांगते, पण कुणी हे वाचून स्वतःच्या मनानं आणू नये. क्लोट्रिमॅझोलचं तोंडात लावायचं पेंट दिलं, दिवसातून चार वेळा, कवळी काढून जिभेला गालाला टाळूला लावायचं, थोडा वेळ तोंडात धरायचं, पुढं अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. 14 दिवस. चौथ्या दिवशीच थर गेला आणि आत्या म्हणल्या आता बास, पण बंद करू दिलं नाही, कारण दिसायची गेली तरी बुरशी असतेच आणि अर्धवट सोडली की परत उगवते. फ्लुकोनॅझोलची, म्हणजे बुरशीवरची पोटात घ्यायची गोळी लगेच का देत नाही म्हणून ह्यांनी विचारलं, तर बाई म्हणल्या गोळी चांगली आहे, जास्त पसरलं तर 7 ते 14 दिवस देतात, पण आजींना आता शुगरची गोळी सुरू होणार आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर फ्लुकोनॅझोल घेतलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. रक्त पातळ करायची वॉरफेरीन चालू असेल तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि वॉरफेरीनवाल्यांना मायकोनॅझोलचं तोंडात लावायचं जेल सुद्धा चालत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आपल्याकडं फ्लुकोनॅझोलची गोळी मेडिकलमध्ये मागितली की मिळते, गजकर्णाला घेतात, अंगावर खाज आली की घेतात, आणि आधीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते ना गिऱ्हाईक सांगतं ना दुकानदार विचारतो.

निस्टॅटिन म्हणून अजून एक जुनं औषध आहे, बाळांना पण देतात. ते कसं सापडलं हे मी शाळेत पोरींना हमखास सांगते. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन ह्या दोघी, एक न्यूयॉर्क शहरात आणि दुसरी ऑल्बनीला, मातीचे नमुने नि बरण्या पोस्टानं एकमेकींना पाठवत काम करायच्या, आणि 1950 मध्ये एका ओळखीच्या माणसाच्या शेतातल्या मातीतून त्यांना हे बुरशीवरचं औषध मिळालं. पेटंटचे पैसे त्यांनी स्वतःला ठेवले नाहीत, संशोधनाला देऊन टाकले. शेतातली माती म्हणल्यावर आमच्या द्राक्षबागायतदारांच्या पोरी कान टवकारून ऐकतात.

कवळीचं पण सांगते. रात्री झोपताना काढायची, ब्रश आणि साबणानं घासायची, स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायची. उकळत्या पाण्यात टाकायची नाही, वाकडी होते. आत्यांची कवळी सैल होती ती नीट बसवून घेतली. रात्री कवळी काढून झोपायला त्यांना आठवडाभर लाज वाटत होती, नातवंडं हसतील म्हणून, नातवंडांना तर त्याचं काहीच वाटलं नाही.

आता आपल्या भागासाठी सगळ्यात काळजीची गोष्ट. इथं बायका मिश्री लावतात. माझी आई लावायची, आमच्या गल्लीत आजही सकाळी दारात बसून लावणाऱ्या आहेत, आणि पुरुषांचा तंबाखू-चुना तर वेगळा सांगायलाच नको. ह्या लोकांच्या तोंडात पांढरा डाग दिसला की तो बुरशीचाच असेल असं नाही. साधारण ओळख अशी, की बुरशीचा थर पुसला तर निघतो. पुसून अजिबात निघत नाही, चामड्यासारखा चिकटून बसलेला पांढरा चट्टा असेल तर त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात, आणि त्यातल्या काहींचा पुढं कॅन्सर होतो. तोंड पहिल्यासारखं उघडत नाही, तिखट सोसत नाही, लाल चट्टा आहे, फोड दोन आठवडे झाले तरी भरत नाही, ह्यातलं काहीही असलं तर पेंट लावत बसू नका, सरळ दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. मिश्री दातांना चांगली असं आमच्या आयांना कुणी सांगितलं देव जाणे, तो भाजलेला तंबाखूच आहे.

माझं मागणं मोठं नाही. जो डॉक्टर पंप लिहून देतो त्यानं किंवा त्याच्या कंपाउंडरनं पेशंटकडून एकदा समोर पंप ओढवून घ्यावा आणि चूळ पण भरायला लावावी. खोक्याच्या आत बारीक इंग्रजीत कागद असतो तो आमच्या आत्यांनी कसा वाचायचा? मेडिकलवाल्यांनी पंपाच्या खोक्यावर पेननं मराठीत 'नंतर चूळ' एवढं लिहून द्यावं, गोळीच्या पाकिटावर एक सकाळी एक रात्री लिहितातच की. तोंड आलंय म्हणून तिसऱ्यांदा बी-कॉम्प्लेक्स मागायला माणूस आला तर त्याला म्हणावं, आता डॉक्टरला तोंड दाखव. आशाताई घरोघरी शुगर-बीपीचं विचारायला येतात, त्यांच्या प्रश्नांत पंप आणि कवळी हे दोन शब्द वाढवता आले तर फारच चांगलं.

आणि आता तुमची चौकट. त्यात लिहिलं होतं की लहान बाळाच्या जिभेवर पांढरं साचलं तर मधात टाकणखार कालवून बोटानं चोळावं. साहेब, हे करू नये. तान्ह्या बाळाला ही बुरशी होते हे खरं, त्याची प्रतिकारशक्ती तयार व्हायची असते. पिल्यानंतर जिभेवर नुसतं दूध राहिलेलं असेल तर ते ओल्या फडक्यानं सहज निघतं, बुरशी तशी सहज निघत नाही आणि गालाच्या आत पण दिसते. पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो बाळाच्या पोटात जाऊन साठत जातो, त्यानं बाळांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. आणि मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवूच नये, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बोटुलिझम नावाचा आजार होऊ शकतो, बाळ मलूल पडतं, अंग सैल सोडतं. आपल्याकडं बाळ जन्मलं की मध चाटवायची पद्धत आहे ती मला माहीत आहे, माझ्या पोराला पण चाटवला होता, तेव्हा मलाही कळत नव्हतं. बाळाच्या डॉक्टरला दाखवलं तर ते वयाप्रमाणं थेंब देतात. आईच्या स्तनाग्रांना आग होत असेल, चिरा असतील तर तिलाही औषध लागतं, नाहीतर बाळाकडून आईला आणि आईकडून बाळाला असं चालूच राहतं. दूध पाजणं थांबवायची गरज नाही. बाटली, चोखणी वापरत असाल तर रोज उकळायची.

ती चौकट जिथं छापली होती तिथंच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती छापा एवढी विनंती आहे, आणि पुढच्या रविवारची वाट न बघता ह्याच आठवड्यात छापा. आमच्या गल्लीत सध्या दोन घरांत बाळंतिणी आहेत आणि दोन्ही घरांत तुमचाच पेपर येतो.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, ता. तासगाव, जि. सांगली